आमची वाटचाल : पेटीच्या सुरांपासून पत्र्याच्या गिटारपर्यंत

आमचं दुकान मुळात पेटीचं. बाबांनी १९७८ साली शुक्रवार पेठेत जिन्याखालच्या एका खोलीत सुरू केलं. भाता बदलायचा, सूर लावायचे, गणपतीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्यांची रांग लागायची. मी २००३ पासून दुकानात बसायला लागलो आणि गिटारी घ्यायला सुरुवात केली, कारण कॉलेजची पोरं काही पेटी घेऊन येत नव्हती. पुढच्या सात-आठ वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तारा बदला, सुटलेला ब्रिज चिकटवा, भाडं भरा.

२०११ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, अमेरिकेत काही वर्षं काढून परतलेले. त्यांची केस उचलली तेव्हा वाटलं, आत नळाचं सामान भरलंय. उघडली तर निकेलचं पाणी दिलेली पितळी गिटार! पाठीवर माडाची झाडं, मध्यभागी जाळीचं गोल झाकण. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे, ही वाजवायची की देव्हाऱ्यात ठेवायची?"

गृहस्थांनी करंगळीत काचेची नळी घातली आणि एक तार छेडली. लाकडी गिटारचा आवाज खोलीत पसरतो, हा सरळ अंगावर आला. आधी ठण्णकन घाव, मागून पत्र्याची किंचित खरड, आणि स्वर लगेच विरायला लागतो. पण नळी तारेवरून सरकली की तोच स्वर गायला लागतो, जरा बसलेल्या गळ्याच्या गायकासारखा. बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांच्या तरुणपणी ऑर्केस्ट्रात मांडीवर आडवी हवाईयन गिटार ठेवून सिनेमाची गाणी वाजवायचे, ती त्यांना आठवली. "मींड बघ," एवढंच म्हणाले.

तक्रार अशी होती की तिसरी तार झणझणते. मी छातीठोकपणे "दोन दिवसांत देतो" म्हणालो.

हिला रेझोनेटर गिटार म्हणतात, आणि हिच्यात बोलतो तो आतला कोन, म्हणजे पत्र्याचा शंकू. साडेनऊ इंचांचा, पातळ अ‍ॅल्युमिनियमचा, स्पीकरच्या पडद्यासारखा. त्याच्या टोकावर लाकडाची छोटी चकती असते, तिला बिस्किट म्हणतात. चकतीच्या खाचेत पट्टी, पट्टीवर तारा. तारांचा दाब कोनाला जागेवर धरून ठेवतो आणि तारेचा थरार कोन हवेत फेकतो. बाहेरचं चकचकीत अंग आवाजाला धार देतं, पण बाकी सगळं त्या कोनाचं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. झाकण काढलं आणि खरखर कुठून येते ते बघायला कोन वरून अंगठ्याने दाबला. पापडासारखा आत गेला.

नवा कोन कॅलिफोर्नियाहून मागवला. पैसे अर्थात माझ्या खिशातले, आणि यायला सहा आठवडे. तो बसवला, तारा चढवल्या, तर खरखर तशीच! मग कोन ज्या कडेवर टेकतो ती बॅटरी लावून नीट बघितली. एके ठिकाणी जुन्या गोंदाचा मोहरीएवढा दाणा. तो खरवडला, कोन थोडा फिरवून पुन्हा टेकवला आणि गिटार गप्प झाली. म्हणजे बोलायला लागली.

त्या सहा आठवड्यांत गृहस्थांना तोंड दाखवायची लाज वाटायची म्हणून रात्री बसून वाचत गेलो. ही गिटार जन्मली लॉस एंजेलिसमध्ये, १९२७ साली. तेव्हा गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर नव्हते आणि बँडमधल्या ट्रंपेटपुढे गिटारचं कोणी ऐकत नसे. जॉर्ज बोशँ नावाच्या वादकाला मोठा आवाज हवा होता, तो जॉन डोपयेरा या स्लोव्हाक कारागिराने काढून दिला. त्यातून नॅशनल कंपनी निघाली. पहिल्या गिटारीत सहा-सहा इंचांचे तीन कोन होते, आवाज मऊ आणि लांब टिकणारा. पाठोपाठ एका कोनाची स्वस्त गिटार आली, भुंकल्यासारखी खडी, आणि सन हाउस, बुका व्हाइट अशा ब्लूज गाणाऱ्या अमेरिकन वादकांनी तिलाच जवळ केलं. मलाही तीच आवडते. डोपयेराचं कंपनीत पटलं नाही, त्याने भावांबरोबर डोब्रो ही वेगळी कंपनी काढली. गंमत म्हणजे पुढे विजेच्या गिटारीच्या मागे लागला तो हाच बोशँ. ती आल्यावर पत्र्याच्या गिटारीचं मूळ कामच संपलं. उरला तो नुसता आवाज, आणि लोक अजून त्याच्यासाठीच पैसे मोजतात.

महागड्या नॅशनल जर्मन सिल्व्हरच्या असत. त्यात चांदी नावालाही नाही. तांबं, जस्त आणि निकेल. आमची आजी मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मलचं पातेलं म्हणायची. तिच्या हिशेबाने ही गिटार आतून-बाहेरून जर्मलचीच.

परदेशी कोन परवडेना, म्हणून २०१४ मध्ये डोक्यात आलं की तो पुण्यातच करावा. कसब्यातल्या तांबट आळीत एका काकांकडे गेलो. त्यांनी कोन हातात फिरवून बघितला आणि हसले. "आमच्या मठारकामात प्रत्येक ठोका दिसला पाहिजे. तुला एकही नकोय." खरंच होतं. मग भोसरीत दिव्यांचे रिफ्लेक्टर करणारे एक जण भेटले. लेथवर फिरत्या साच्यावर ते पत्रा दाबून बसवतात. वर्षभरात तीस-पस्तीस कोन काढले. जाड झाला की आवाज कोंदट, पातळ झाला की आठवड्यात बसका. चार बरे निघाले. त्यातला एक अजून एका गिऱ्हाइकाच्या गिटारीत आहे, बाकीचे खोलीत दिव्यांवर शेड म्हणून लावलेत. कोन आम्ही अजूनही बाहेरूनच मागवतो.

या धंद्यावर घर चालत नाही, ते पेटी आणि साध्या गिटारींवरच चालतं. वर्षाला आठ-दहा पत्र्याच्या गिटारी येतात, काही बंगळूरहून कुरिअरने. बहुतेकांची तक्रार तीच, झणझणते. बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत, रोज तासभर येतात. गिटार टेबलावर आली की आधी पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावतात आणि सांगतात, स्क्रू सैल आहे की कोन. दहात सात वेळा बरोबर असतात.

२०१९ मध्ये दुकानासाठी स्वतःची एक घेतली, एका कोनाची, पोलादी पत्र्याची. शनिवारी संध्याकाळी कोणीही येऊन वाजवावी. नळी आम्ही देऊ. फक्त जाळीवर हात टेकू नका.