गाडीत ६०० वॉटचा इन्व्हर्टर बसवताना: माझा अनुभव

इन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरासारखे २३० व्होल्ट करणारा डबा. तो घेताना बहुतेक जण डब्यावर छापलेले वॉट बघतात. मी आधी अँपिअरचा हिशेब मांडला, कारण गाडीत आग लागते ती १२ व्होल्टच्या बाजूला. शॉक बसतो तो २३० व्होल्टच्या बाजूला. दोन्ही धोके वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-आवरची. चालवायचं होतं ते एवढंच: ९० वॉटचा लॅपटॉप आणि लांबच्या प्रवासात आईचा नेब्युलायझर, साधारण १५० वॉटचा. मिळून २४० वॉट. भागिले १२, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून, म्हणजे २३ ते २४ अँपिअर. सिगारेट लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे तो मार्ग तिथेच बंद झाला. फक्त लॅपटॉप लावून २० मिनिटांनी मी प्लग काढून पाहिला, तर टोकाची पिन चटका बसेल इतकी तापली होती आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळट पडलं होतं. तिथे स्प्रिंगच्या दाबावर एका ठिपक्याएवढा संपर्क असतो, सगळा करंट त्यातून जातो. म्हणून १०० वॉट ही सॉकेटची कमाल मर्यादा, तीही थोड्या वेळापुरतीच. फ्यूज उडतो म्हणून तिथे ३० अँपिअरचा घालणं तर सरळ वायरिंग जाळणं आहे. आणि नुसता लॅपटॉपच चालवायचा असेल आणि तो टाइप-सीवर चार्ज होत असेल, तर १२ व्होल्टवर चालणारा टाइप-सी कार चार्जर घ्या, इन्व्हर्टरच लागत नाही.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घेतला. मॉडिफाइड साइन वेव्ह (पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा) स्वस्त पडतो, पण त्यावर नेब्युलायझरचा पंप घुं-घुं करतो, जास्त तापतो. मच्छर मारायची रॅकेट, रिचार्जेबल टॉर्च यांचे साधे चार्जर त्यावर जळूही शकतात.

वायर इन्व्हर्टरच्या पूर्ण क्षमतेप्रमाणे निवडली. ६०० वॉटला सुमारे ५९ अँपिअर. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत २ मीटर, जाऊन-येऊन ४ मीटर. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत इथे ०.७ व्होल्ट पडतात आणि वायर ४० वॉटच्या आसपास उष्णता ओकत राहते. १६ स्क्वेअर एमएममध्ये हीच घट पाव व्होल्टवर येते. मी १६ ची घेतली. दुकानात एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर, परत करा.

फ्यूज ८० अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसपासून १५ सेंटीमीटरवर. तो इन्व्हर्टरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. पुढे कुठे वायर घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देते. फ्यूज इन्व्हर्टरजवळ बसवला तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षणच राहत नाही. ही चूक मी इतरांनी बसवलेल्या कामात फार वेळा पाहिली आहे.

काम सुरू करताना मायनस आधी सोडला, शेवटी मायनसच जोडला. प्लस खोलताना पाना बॉडीला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवं भोक पाडलं नाही, आहे त्याच भोकाच्या रबरी ग्रोमेटमधून (कडेच्या रबरी कड्यातून) वायर काढली. ती नालीदार पाइपात घातली, दर २० सेंटीमीटरला बांधली आणि एक्झॉस्ट, पेडल, स्टिअरिंगपासून लांब ठेवली. लग (वायरीच्या टोकाचं तांब्याचं कडं) दाबायला हायड्रॉलिक क्रिंपरच हवा. पक्कडीने चेपलेला लग काही महिन्यांत सैल होतो आणि तिथेच तापतो. इन्व्हर्टरचा मायनस बॅटरीच्या टर्मिनलवर न देता बॉडीच्या अर्थ बोल्टला दिला. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाड्यांत मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. थेट टर्मिनलवर जोडलं तर तो भार त्याला कळतच नाही.

जागेचा प्रश्न सगळ्यात त्रासाचा. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात, त्यांना धक्का नको. सीएनजी गाडीची डिकी नको, तिथे टाकी असते आणि इन्व्हर्टर जोडताना ठिणगी उडते. शेवटी पुढच्या सीटमागे, जमिनीवर स्क्रूने बसवला, पंख्याच्या बाजूला ५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवून. त्यावर शाल, पिशवी काही ठेवायचं नाही.

पहिल्यांदा जोडताना छोटी ठिणगी उडते, आतले कपॅसिटर भरतात म्हणून. पण प्लस-मायनस उलटे झाले तर आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बहुधा जळतात, म्हणून दोनदा तपासलं. मग १०० वॉटचे दोन जुने बल्ब लावून मोजलं: बॅटरीवर १२.४८ व्होल्ट, इन्व्हर्टरवर १२.३५. फरक ०.१३ व्होल्ट. २०० वॉटला हा फरक ०.३ च्या वर गेला असता, तर एखादा जोड कच्चा आहे हे नक्की.

२३० व्होल्टच्या बाजूला घरासारखं संरक्षण नसतं. गाडीला खरं अर्थिंग नाही, घरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) इथे नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी किंवा ओल्या मॅटवर पाय ठेवून इन्व्हर्टरला हात लावायचा नाही. दोन पिनांची, डबल इन्सुलेशनची उपकरणंच चालवतो.

इंजिन चालू असताना मीटरवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. पण गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असेल, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) अर्धाच करंट देतो, त्यात एसी आणि दिवे असले की मी भार २०० वॉटच्या पुढे नेत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून इन्व्हर्टर कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन बंद असताना जास्तीत जास्त अर्धा तास, मीटरवर १२.० दिसले की बंद. इन्व्हर्टरचा अलार्म १०.५ वर वाजतो, तोवर सेल्फ लागण्याएवढी बॅटरी राहिलेली नसते.

महिनाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळले, एक पाव फेरा फिरला. काही न लावताही माझा इन्व्हर्टर ०.४ अँपिअर खातो, दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-आवर. म्हणून गाडी लॉक करण्याआधी बटण बंद करतो, आणि दोन-चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर फ्यूजही काढून ठेवतो.