फळीवरच्या रेल्वेची वीज

फळीवर मांडलेली माझी मॉडेल रेल्वे किती कमी वीज खाते, हे ऐकून घरच्यांचा विश्वास बसेना. एचओ मापाचं, म्हणजे १:८७ चं, आवाजवालं इंजिन धावताना जेमतेम अर्धा अँपिअर ओढतं. एका वेळी तीन इंजिनं, दिव्यांचे डबे आणि वर थोडी शिल्लक धरून मी ३ अँपिअरचा डीसीसी बूस्टर, म्हणजे डिजिटल नियंत्रणात रुळांना वीज पुरवणारा डबा, घेतला. रुळावर साधारण १५ व्होल्ट, म्हणजे ४५ वॉट. भिंतीतला ६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरून उरतो. फक्त अडॅप्टर २३० व्होल्टवर चालणारा हवा; अमेरिकेहून मागवलेला नुसता १२० चा निघू शकतो.

खरी मेख ही वीज टोकापर्यंत पोचवण्यात आहे. वीज मंडळातून निवृत्त झालेले मामा नकाशा बघून म्हणाले, "अँपिअर राहू दे रे. त्या टोकाला शॉर्ट झाला तर तुझ्या बूस्टरला कळणार का, ते सांग."

मुद्दा बिनतोड होता. रुळांचं निकेल-सिल्व्हर तांब्यापेक्षा फार कमी वीज वाहतं, त्यात रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटांचा भरवसा नाही. वाटेतला रोध वाढला की शॉर्ट होऊनही बूस्टर ट्रिप होत नाही आणि बरीचशी ऊर्जा घसरलेल्या डब्याच्या चाकापाशी उष्णता होऊन बसते. प्लास्टिकची बोगी वितळायला तेवढी पुरते.

म्हणून फळीखालून अडीच चौरस मिलिमीटरची वायर बस, म्हणजे मुख्य वाहिनी, म्हणून फिरवली. जाऊन-येऊन १० मीटर धरले तरी ३ अँपिअरला पाव व्होल्टही पडत नाही. पाऊणच्या वायरीत पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. दर तीन फुटांवर बसपासून रुळाला बारीक जोडवायर, म्हणजे फीडर. झाल (सोल्डर) रुळाच्या बाहेरच्या अंगाला मारायची, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवून, नाहीतर स्लीपर मेणासारखे वाकतात. फळीखाली उताणं पडून हे करताना मान भरून येते, ते वेगळंच.

मग दोन रुपयांचं नाणं घेऊन दर हातभर अंतरावर दोन्ही रुळांवर आडवं दाबलं. बूस्टर लगेच ट्रिप व्हायलाच हवा. बोगद्यातल्या एका तुकड्यावर तो नुसताच कुरकुरला. तिथे आणखी एक फीडर दिला.

सांधे बदलणारी कॉइल क्षणभर बरेच अँपिअर ओढते, म्हणून तिला आणि स्टेशनच्या दिव्यांना वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा दिला. गाडी वळवून त्याच मार्गावर परत आणणारा परतीचा लूप अजून जोडलेला नाही. तिथे उजवा रूळ फिरून डाव्यालाच मिळतो, म्हणजे उघड शॉर्ट. लूपमधली ध्रुवता आपोआप उलटवणारा ऑटो-रिव्हर्सर आल्यावरच त्याला हात लावेन.