तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कोळ्याच्या टोपीबद्दल

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत, पार्किंगमध्ये, परवा तर डेंटिस्टकडेही. प्रश्न एकच. "अगं, क्लीव्हलँडला राहतेस, तर इथल्या बेसबॉल संघाची, गार्डियन्सची टोपी घाल की. हा मेलेला कोळी कशाला मिरवतेस?" आणि मग ते ठरलेलं वाक्य: "तुला हरणाऱ्यांचा फार पुळका."

हा कोळी म्हणजे जाळं विणणारा, स्पायडर: 1899चा बेसबॉल संघ, क्लीव्हलँड स्पायडर्स. 20 विजय, 134 पराभव. आकडे तुम्हाला पाठ आहेत, कारण मीच ते दहादा ऐकवलेत. पण पुळका नाही हो. कसा ते आज एकदाच सांगते, मग पुन्हा विचारू नका.

हा संघ हरला नाही, रिकामा केला गेला. फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे भाऊ क्लीव्हलँडचे मालक. त्या वर्षी सीझनच्या तोंडावर त्यांनी सेंट लुइसचा संघही घेतला. एकाच लीगमधले दोन संघ एकाच घरात, आणि नियमानं त्यात काही गैर नव्हतं. क्लीव्हलँडला प्रेक्षक येत नाहीत म्हणून साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस, सगळे चांगले खेळाडू तिकडे रवाना. तिकडची उरलीसुरली मंडळी इकडे. 15 एप्रिलला पहिलाच सामना सेंट लुइसला, समोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साय यंग. 10-1नं हरले.

मग घरच्या मैदानावर कोण येणार? 42 सामन्यांना मिळून 6,088 माणसं. आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना एका दुपारी याहून जास्त जमतात. तिकिटांच्या वाट्यातून हॉटेलचा खर्चही निघेना, म्हणून बाकीचे संघ क्लीव्हलँडला यायलाच नको म्हणू लागले. त्यामुळे 112 सामने परगावी, त्यातले 101 हरले. खेळाडू सामान्यच होते, तेही कबूल करते. जिम ह्यूई नावाचा पिचर 4 सामने जिंकला, 30 हरला. त्याची बाजू कशी घ्यायची ते मलाही सुचत नाही.

मला खरं अडतं ते जूनपाशी. लेव्ह क्रॉस हा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आणि संघाचा मॅनेजरही. या गाळातही तो बरा खेळत होता. म्हणून मालकांनी त्यालाही सेंट लुइसला बोलावून घेतलं. बरा खेळत होता, म्हणून.

आता माझं. अमेरिकेत यायच्या आधी मी साताऱ्याकडच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. मालकांनी चाकणला नवा प्लांट टाकला. आधी चांगल्या मशिनी गेल्या, मग चांगली माणसं. मी दुसऱ्या यादीत होते. ऑर्डर हातात पडली तेव्हा आनंद झाला होता, हे लपवून काय करू? पगार वाढला, कंपनीची बस मिळाली. टूलरूमचे अण्णा मागे राहिले. मायक्रोमीटर धरायला मला त्यांनी शिकवलं होतं. त्यांचं वय झालं होतं आणि चाकणला वय झालेली माणसं नको होती.

चार महिन्यांनी साहेबांनी मला परत पाठवलं, टेम्पो घेऊन. हाइट गेज, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आणि दोन फिक्श्चर आणायची होती. "तुला तिथलं सगळं माहीत आहे," म्हणाले. माहीत होतंच. कुठल्या कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, तेसुद्धा. शेड अर्धी रिकामी, जमिनीवर मशिनी उचललेल्या जागी तेलाचे चौकोन. अण्णांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. प्लेट जड, चौघांनी उचलली, खालून हात त्यांचा. तिच्यावर गोणपाट त्यांनीच गुंडाळलं. ते फिक्श्चर त्यांनी स्वतः बनवलेलं होतं. त्यावर बोटानं धूळ पुसली आणि ठेवलं टेम्पोत. मग गेटपासचं बुक पुढं केलं. "सही कर बाई हितं. परत आणायचं का न आणायचं, त्यावर टीक कर."

मी 'न आणायचं'वर टीक केली. त्यांनी बघितलं आणि कार्बन कॉपी फाडून माझ्या हातात दिली.

चहा झाला होता की नाही, आठवत नाही. झाला असावा, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पुढच्या वर्षी तो प्लांट बंद झाला.

तेव्हा पुळका वगैरे सोडा. मी साय यंगच्या गाडीत बसलेली बाई आहे. टोपी तेवढी दुसऱ्या बाजूची घालते, आणि ते ढोंग आहे असं कुणी म्हणालं तर भांडेन, पण फार वेळ नाही.

इकडे नवी आले तेव्हा हीच गोष्ट मी विनोद म्हणून सांगायचे. शेवटचा सामना सिनसिनाटीत, पिचर कोण, तर हॉटेलच्या सिगार काउंटरवरचा एडी कोल्ब. 19-3 हरला. हशा हमखास. आणि वर मीच म्हणायचे, "एवढं हरत होते तर सोडून का नाही गेले?" जायचं कुठे? रिझर्व्ह क्लॉजमुळे मालकानं सोडल्याशिवाय दुसऱ्या संघाची दारं बंद. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी म्हणायचे, कारण जी राहिली ती मूर्ख ठरली की गेलेल्यांना बरं पडतं. आज तसं म्हणत नाही. पण ऑर्डर पुन्हा आली असती तर नाकारली असती का? घर भाड्याचं होतं, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग चालू होतं. गेलेच असते.

क्रॉसनंतर जो क्विन मॅनेजर झाला. सेंट लुइसला त्याचा अंत्यसंस्कारांचा व्यवसाय होता. यावर मी आता विनोद करत नाही. पुढच्या सीझनला लीगनं बारातले चार संघ काढून टाकले, त्यात क्लीव्हलँड.

गेल्या दिवाळीत अण्णांना फोन केला. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. बेसबॉल म्हणजे काय ते सांगण्यात दहा मिनिटं गेली, मग सगळी गोष्ट सांगितली. टेम्पोचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. शेवटी म्हणाले, "आन् ती चांगली चांगली उचलून नेली, त्यांचं काय झालं?"

"84 जिंकले. पाचवे आले."

"आन् आदल्या साली, सगळी एकत्र हुती तवा?"

"पाचवेच."

"मंग?" अण्णा म्हणाले.