हार्लेम पायी बघायचं तर : ११६व्या रस्त्यापासून १३९व्यापर्यंत

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत जाताना आधी वार ठरवावा, बाकीचं मग. एकच दिवस हाताशी असेल तर शनिवार धरा. बाजार भरलेला असतो, शॉम्बर्ग सेंटर (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं वाचनालय) उघडं असतं आणि हवा चांगली असेल तर संध्याकाळी बागेत ढोल वाजतात. रविवारी शॉम्बर्ग बंद आणि खानावळींपुढे चर्चमधून आलेल्यांच्या रांगा. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी ११६व्या रस्त्यावरचे बरेच दुकानदार मशिदीत असतात, तेव्हा एक ते अडीचच्या दरम्यान खरेदीला जाऊ नये. टुरिस्ट बसच्या वरच्या मजल्यावरून तासाभरात 'हार्लेम झालं' म्हणणारे खूप आहेत, पण त्यात इथल्या कुणाच्या हाती एक डॉलरही पडत नाही आणि बघणाऱ्यालाही काही कळत नाही.

सर्वांत जास्त घोळ स्टेशनांचा होतो. '१२५ स्ट्रीट' नावाची सबवेची (भुयारी रेल्वेची) चार वेगवेगळी स्टेशनं एकाच रस्त्यावर आहेत : १ नंबरची गाडी ब्रॉडवेवर, ए-बी-सी-डी सेंट निकोलस अ‍ॅव्हेन्यूवर, २ आणि ३ लेनॉक्सवर, ४-५-६ लेक्सिंग्टनवर. पहिल्यापासून शेवटचं जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. '११६ स्ट्रीट'चंही तेच. या फेरीसाठी २ किंवा ३ नंबरची गाडी पकडून लेनॉक्सवरच्या ११६ला उतरायचं. १ नंबरने गेलात तर कोलंबिया विद्यापीठाच्या दारात, टेकडीच्या पलीकडे निघाल. तिकिटासाठी रांग लावायची गरज नाही, टॅप होणारं बँकेचं कार्ड किंवा फोन फाटकाला लावला की झालं.

दुसरा घोळ नावांचा. नकाशावर माल्कम एक्स बुलेवार्ड असतं, लोक लेनॉक्स म्हणतात. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू इथे अ‍ॅडम क्लेटन पॉवेल ज्युनिअर बुलेवार्ड होतो, एट्थचा फ्रेडरिक डग्लस बुलेवार्ड आणि १२५व्या रस्त्याला मार्टिन ल्यूथर किंगचं नाव आहे. पत्ता विचारताना दोन्ही नावं तोंडात असू द्या. अंतराचा हिशोब सोपा आहे : उत्तर-दक्षिण वीस रस्ते म्हणजे एक मैल. पूर्व-पश्चिम एक चौक मात्र त्याच्या तिप्पट लांब असतो, त्यामुळे 'दोनच चौक तर आहेत' असं म्हणून आडवं चालायला निघालं की पाय बोलायला लागतात.

सुरुवात माल्कम शबाझ हार्लेम मार्केटपासून करावी. लेनॉक्सवरून ११६व्या रस्त्याने फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूकडे वळलं की रंगीत मिनारांची कमान दिसते. १२५व्या रस्त्याच्या फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेत्यांना १९९४च्या ऑक्टोबरमध्ये तिथून उठवण्यात आलं, त्यातले बरेच जण इथे आले. बाजार शेजारच्या मशिदीच्या देखरेखीखाली चालतो. विक्रेते बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले : सेनेगल, माली, गिनी, घाना. सकाळी अकराच्या आधी गेलात तर निम्मे गाळे बंद मिळतील.

इथे वेळ द्यायचा तो कापडाला. वॅक्स प्रिंट या नक्षीदार सुती कापडाचा पूर्ण तागा सहा वारांचा, म्हणजे आपल्या सहावारीएवढाच. पन्हाही साडीच्या आसपास. मूळ कल्पना जावाच्या बाटिकची, ती डच कारखानदारांनी यंत्रावर उतरवली आणि पश्चिम आफ्रिकेने आपलीशी केली. अस्सल वॅक्स प्रिंट ओळखायची खूण म्हणजे कापड उलटून बघणे. राळ दोन्ही बाजूंना लावून मग रंगवतात, त्यामुळे सुलट-उलट ओळखू येत नाही. राळेला तडे जाऊन त्यात रंग शिरतो, म्हणून नक्षीत केसासारख्या बारीक रेषा दिसतात आणि त्या प्रत्येक वारावर वेगळ्या असतात. उलट बाजू फिकी असेल किंवा 'तडे' ठरावीक अंतराने जसेच्या तसे परत येत असतील तर ते साधं छापील कापड. तेही घ्यायला हरकत नाही, फक्त वॅक्स प्रिंटचा भाव देऊ नका. काठावर छापलेला मजकूरही वाचावा, पण त्याच्यावर विसंबू नये, काठाचीही नक्कल होते. नवं कापड खळीने ताठ असतं. शिवण्याआधी गार पाण्यात वेगळं धुऊन घ्या, नाहीतर शिवल्यावर आटतं.

घानाच्या केंटे कापडाची गोष्ट निराळी. खरं केंटे हातमागावर चार-एक इंच रुंदीच्या पट्ट्यांत विणतात आणि पट्ट्या शेजारी-शेजारी शिवून जोडतात. जोड दिसला, बोटाला लागला, की विणलेलं. सपाट आणि मागून पांढुरकं असेल तर छापील.

कपडा शिवून घ्यायचा असेल तर बाजारातले आणि आसपासचे शिंपी मापं घेतात, पण त्याच दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका. न्यूयॉर्कला पोहोचल्याच्या पहिल्या दोन दिवसांत कापड द्या आणि अंगाला नीट बसणारा एक कुर्ता किंवा झगा नमुन्याला सोबत न्या. त्याने तोंडी समजावण्यापेक्षा निम्म्या चुका वाचतात. नक्षीत पक्षी, चेहरा असं वर-खाली असणारं काही असेल तर कापड जास्त लागतं, हे घेतानाच लक्षात ठेवावं.

घानाच्या बोल्गाटांगाच्या गवती टोपल्या बघून लोक हळहळतात, की बॅगेत कशी मावणार? बिनधास्त चपटी करून भरा. घरी आल्यावर मिनिटभर पाण्यात बुडवायची, हाताने गोल आकार द्यायचा, आत टॉवेल कोंबून सावलीत वाळवायची. पहिल्यासारखी होते. फक्त चामड्याची मूठ ओली करू नका. शिया बटर (शियाच्या बियांचं, अंगाला लावायचं लोणी) घेताना गर्द पिवळ्या रंगाला भुलू नये, तो बहुधा मुळी घालून आणलेला असतो. कच्चं शिया हस्तिदंती रंगाचं, जरा धुरकट वासाचं आणि तळहाताच्या उबेने वितळणारं. म्हणूनच ते विमानाच्या हातबॅगेत ठेवू नका (१०० मिलिलिटरचा नियम लागतो) आणि मोठ्या बॅगेतही घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. घासाघीस चालते, पण अर्ध्या किमतीपासून सुरुवात करू नये. दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन भाव विचारला तर दुकानदार आपण होऊन कमी करतो. रोख जवळ असू द्या, आणि गाळ्याचा किंवा माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

जेवायला तिथूनच ११६व्या रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेलं की 'लिटल सेनेगल' लागतं. इथली दुपारची थाळी म्हणजे चेबु जेन. तांदूळ अख्खा नाही, कणी. पार्स्ली-लसणाचं वाटण भरलेला मासा टोमॅटोच्या रश्श्यात शिजवतात, त्यातच कोबी, गाजर, वांगं, कसावा, मग माशाच्या त्याच पाण्यात कणी. भांड्याच्या तळाची खरवड वेगळी मागून घेण्याची चीज आहे. हे दुपारीच खावं, संध्याकाळी बऱ्याचदा संपलेलं असतं. एका ताटात दोघांचं पोट भरतं. माफे म्हणजे शेंगदाण्याच्या घट्ट रश्श्यातलं मटण, दाण्याच्या आमटीवर वाढलेल्याला पहिल्या घासात कळेल. यासा कांदा-लिंबाचं. बिसाप नावाचं लाल सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं, आणि चाक्री म्हणजे बाजरीच्या वाफवलेल्या कण्या गोड दह्यात. बाजरी मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, तेव्हा हे जेवण परकं वाटत नाही यात नवल नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं. 'नुसत्या भाज्या द्या' म्हटलं तरी त्या माशाच्या पाण्यातल्या असतात. सोल फूडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरगुती जेवणाच्या, खानावळींतही तेच : कोलार्ड ग्रीन्स ही दिसायला पालेभाजी, पण शिजते स्मोक्ड टर्की किंवा डुकराच्या हाडाबरोबर. चवळीतही मांस असतं. विचारायचा प्रश्न 'व्हेजिटेरियन आहे का' हा नसून 'शिजवताना कोणतं मांस घातलंय' हा. मॅक अँड चीज, पाकातली रताळी, कॉर्नब्रेड यांवर सहसा भागतं.

सोल फूडसाठी १२६-१२७व्या रस्त्यांमध्ये लेनॉक्सवर १९६२पासून चालणारं सिल्व्हियाज आहे, ११६व्यावर एमी रूथ्स, ११४व्या आणि फ्रेडरिक डग्लसच्या कोपऱ्यावर मेल्बाज. चिकन-वॉफल कुठेही मागवा, पण दोघांत एकच. बिलावर ८.८७५ टक्के कर लागतो आणि त्यावर १८ ते २० टक्के टिप धरावी. मोठ्या गटाला टिप बिलातच लावलेली असते, ती बघून मगच वेगळी द्या.

पोट भरल्यावर मार्कस गार्व्ही पार्क. मधल्या खडकावर १८५७चा ओतीव लोखंडाचा, आगीवर नजर ठेवायचा मनोरा आहे. उन्हाळ्यात शनिवारी ढोलांची बैठक जमते, कडेला बसून ऐकावं, मध्ये शिरून नाचण्याआधी जरा अंदाज घ्यावा. १२५वा रस्ता भराभर उरकला तरी चालेल : १९६८ साली सुरू झालेलं, कृष्णवर्णीय कलावंतांच्या कलेचं स्टुडिओ म्युझियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये नव्या इमारतीत उघडलं, ते चुकवू नये. अपोलोचं मुख्य नाट्यगृह २०२५च्या उन्हाळ्यापासून नूतनीकरणासाठी बंद झालं, तेव्हा कार्यक्रम कुठे आहे हे तिकीट काढतानाच बघा. कोपऱ्यावरची पांढरी इमारत म्हणजे जुनं हॉटेल थेरेसा. १९६०मध्ये क्युबाचा कॅस्ट्रो इथे उतरला होता आणि नेहरू त्याला भेटायला इथेच आले होते.

शॉम्बर्ग सेंटर १३५व्या रस्त्यावर, लेनॉक्सच्या कोपऱ्यावर. प्रवेश मोफत, स्वच्छतागृह चांगलं (या भागात ही मोठी गोष्ट आहे). पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शॉम्बर्गने आयुष्यभर जमवलेला ग्रंथसंग्रह १९२६ साली दहा हजार डॉलरला वाचनालयासाठी विकत घेतला गेला, त्यावर हे उभं आहे. आत शिरल्यावर पायाखाली बघा. फरशीवर नद्यांच्या रेषा असलेलं वर्तुळ आहे आणि त्याखाली कवी लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी. अनेक जण फोनमध्ये बघत त्याच्यावरून चालत जातात. अ‍ॅरन डग्लसची १९३४ची मोठी चित्रं दाखवायला ठेवली आहेत का, हे काउंटरवर विचारावं.

तिथून चार रस्ते वर स्ट्रायव्हर्स रो. १८९०च्या दशकात गोऱ्यांसाठी बांधलेली ही घरं, कृष्णवर्णीयांना ती विकायला सुरुवात झाली १९१९-२०च्या सुमारास. मागच्या गल्लीच्या खांबांवर अजून रंगवलेलं आहे : खासगी रस्ता, घोडे चालवत न्या. खांबांपर्यंतच जावं. घरांच्या पायऱ्यांवर बसू नये, तिथे माणसं राहतात.

रविवारी अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट किंवा दुसऱ्या चर्चमध्ये जायचं असेल तर पाहुण्यांसाठीचे नियम आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वाचा. अर्धी चड्डी, चपला, बिनबाह्यांचे कपडे नकोत, मोठी बॅग नको, फोन बंद. उपासना दोन तासांच्या वर चालते, मधून उठून जाणं फार वाईट दिसतं. दानाची पेटी आली की नोट टाकावी, नाणी नव्हेत.

मराठी माणसाने एक जास्तीची फेरी जरूर करावी. १९१३ ते १९१६ डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकत होते, म्हणजे टेकडीखाली हार्लेम कृष्णवर्णीयांचं होऊ लागलं होतं, त्याच वर्षांत. विद्यापीठातला त्यांचा अर्धपुतळा बघायचा तर आत शिकणाऱ्या कुणाकडून पाहुणा म्हणून आधी नोंदणी करून घ्या, थेट फाटकावर जाऊन अडकू नका. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली, अस्पृश्यांसाठी तसंच करण्याचा विचार होता. ड्यु बॉइसनी जुलैअखेर आपुलकीने उत्तर धाडलं. त्या काळात ड्यु बॉइस राहायचे ती इमारत, ४०९ एजकोंब अ‍ॅव्हेन्यू, अजून उभी आहे. सी गाडीने १५५ स्ट्रीटला उतरून चालत जाता येतं. आत लोक राहतात, तेव्हा समोरच्या फुटपाथवरूनच बघायचं. दुपारनंतर गेलात तर उन्हं इमारतीच्या मागे जातात, फोटो सकाळी काढा.