आस्मोदेला 'व्यक्ती'मध्ये टाकायचं का 'इतर'मध्ये?

मी पुण्यात एका ऑफिसात जुन्या फ्रेंच पुस्तकांच्या स्कॅनचं प्रूफ बघते. डावीकडे पानाचा फोटो, उजवीकडे मशीनने ओळखलेला मजकूर, दोन्ही जुळवायचं, ॲक्सेंट सुटलेत का बघायचं, तळटिपा वेगळ्या करायच्या, माणसांची नि गावांची नावं टॅग करायची आणि पुढचं पान. वाचत बसायचं नाही हे सुरुवातीलाच बजावतात, कारण अर्थात शिरलं की डोळे चुका मनातल्या मनात दुरुस्त करत पळतात आणि प्रूफ बोंबलतं. खरंय ते. शेतीचे रिपोर्ट, बिशपांची पत्रं, कालव्यांचे करार, असलं कायकाय मी एक अक्षर डोक्यात न घेता पास केलंय आणि मला त्याचं काही वाटतही नाही.

त्या दिवशीच्या फाईलने मात्र वाचायलाच लावलं. पॅरिसला १८८६ साली छापलेलं पुस्तक, सतराव्या शतकातल्या एका ननचं आत्मचरित्र, फ्रान्समधल्या तूर शहराच्या लायब्ररीतल्या हस्तलिखितावरून दोन डॉक्टरांनी काढलेलं. एक लेगे आणि दुसरा जिल द ला तूरेत, हो तोच, ज्याच्या नावावरून टूरेट सिंड्रोम म्हणतात. प्रस्तावना त्याच्या गुरूंची, मेंदूविकारांचे नामांकित डॉक्टर शार्को यांची. शीर्षकातच बाई हिस्टेरिक म्हणून छापलीय, म्हणजे तिने तोंड उघडायच्या आधीच केस क्लोज. पानावर वर बाई, खाली बारीक टायपात डॉक्टर. स्कॅन पुसट, आणि टीप पुढच्या पानावर गेली की मशीनने ती सरळ बाईच्याच वाक्यात घुसडलेली. सुरुवात तिची, शेवट डॉक्टरांचा. कोण काय म्हणतंय हे वाचल्याशिवाय सोडवणार कसं?

बाई म्हणजे सिस्टर झान देझांज, फ्रान्समधल्या लूदाँ गावच्या उर्सुलाईन पंथाच्या मठाची प्रमुख. जन्म १६०२, खानदानी घर, लहानपणापासून अंगाने वाकडी राहिलेली. १६३२ मध्ये गावात प्लेग येऊन गेला आणि त्या मागोमाग मठातल्या नन्सना सैतानांनी झपाटलं असं जाहीर झालं. किंचाळणं, धनुष्यासारखं मागे वाकणं, पाद्र्यांना घाण घाण शिव्या. आणि या सगळ्यामागे कोण, तर उर्बँ ग्रांदिए. गावातल्या चर्चचा पाद्री, देखणा, बोलण्यात पटाईत, बायकांच्या बाबतीत बदनाम, पाद्र्यांच्या ब्रह्मचर्याविरुद्ध चक्क निबंध लिहिलेला, वर राजाचा बडा मंत्री रिशल्यू, त्याच्या माणसांशी वाकडं. झानने त्याला मठाचा धर्मगुरू व्हा म्हणून विचारलं होतं, त्याने नकार दिला, आणि त्याने मठात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं असं सांगतात. अंगावर सैतानाची खूण शोधायला त्याला सुया टोचल्या, पाय चेचले आणि १८ ऑगस्ट १६३४ ला भर चौकात जिवंत जाळला. सैतान काही गेले नाहीत. लोक लांबून लांबून हा तमाशा बघायला येत राहिले.

मी ज्या पानावर अडकले तिथे झान सांगते की हा पाद्री सैतानांकरवी माझ्यात त्याच्याबद्दल प्रेम पेटवत होता, त्याला बघावं, त्याच्याशी बोलावं असं वाटायचं, तो समोर नसला की मी त्याच्यासाठी जळायचे. आणि मग पुढे म्हणते, आमच्यातल्या बऱ्याच जणींना हेच होत होतं पण कुणी कुणाला सांगत नव्हतं, उलट होता होईल तेवढं एकमेकींपासून लपवत होतो. इथे मी माऊस सोडला. बंद दारामागच्या तरुण बायका, एकच पुरुष, तोही बहुतेकींनी फक्त ऐकलेला, आणि प्रत्येक जण रात्री एकटीच जळतेय. डॉक्टरांना यात हिस्टेरिया दिसला, भूतं काढणाऱ्यांना आस्मोदे नावाचा सैतान. मला तर ते लपवणंच जास्त दिसलं.

जेवताना काकूंना सांगितलं. काकू म्हणजे आमच्या टीममधल्या सिनियर, साताऱ्याच्या, त्यांना भुताखेतांचं कौतुक नाही. त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "अगं माझ्या जावेच्या अंगात येतं दर पौर्णिमेला. सगळे तिला विचारतात, पोराला नोकरी कधी लागेल, सुनेला दिवस कधी जातील. तिला आतून काय होतं हे कुणी विचारलंय का कधी?"

झानलाही आधी कुणी विचारलं नव्हतं. तिने १६४४ मध्ये, सैतान जाऊन काही वर्षं झाल्यावर लिहिलं, आणि तिथे ती जे कबूल करते ते डॉक्टर आणि भूतं काढणारे, दोन्ही पार्ट्यांपैकी कुणालाच परवडणारं नाही. म्हणते, सैतान अंगात जे झटके आणायचा त्यात मला थोडी मजा यायची आणि त्यातूनच तो मला फसवायचा. बहुतेक वेळा सुरुवात माझ्याकडूनच व्हायची, मी फट ठेवली की तो आत यायचा. म्हणजे धड खोटं पण नाही, धड झपाटणं पण नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात एवढं नेमकं दुसरं कुणीच बोललेलं नाही.

म्हणून ती निर्दोष ठरते असं नाही हां. काकू म्हणाल्याच, "एक माणूस जळाला ना पण." जळाला. त्याला जाळायच्या आधी ती एकदा नुसत्या शमीजवर, म्हणजे आतल्या झग्यावर, गळ्यात दोर घालून मठाच्या अंगणात उभी राहिली आणि मी निरपराध माणसावर आळ घेतला असं म्हणाली, असं त्या काळच्या वृत्तांतात आहे. न्यायाधीशांनी काय ठरवलं? हेही सैतानच बोलतोय. तिचं शरीर ग्रांदिएविरुद्ध बोललं की पुरावा आणि बाजूने बोललं की सैतान, सोपा हिशोब.

जेवून आल्यावर पोटाचं प्रकरण लागलं. इझाकारोन नावाच्या सैतानाने म्हणे तिला गरोदरपणाची सगळी लक्षणं दिली. १६३५ च्या जानेवारीत ही बाई सुरी आणि पाणी घेऊन एका छोट्या खोलीत शिरली, पोट चिरून बाळाला बाप्तिस्मा द्यायला. शमीज फाडलं, आणि मग म्हणते, कुणीतरी मला खाली पाडलं, सुरी हातातून काढून क्रूसापाशी ठेवली. बाळ नव्हतंच. शेजारचा नवीन मुलगा त्याचं पान संपवून माझ्या स्क्रीनकडे बघत होता, "मॅडम हे सेन्सिटिव्हमध्ये टाकायचं का?" म्हणाला आणि कान लाल करून परत वळला.

पुढे हीच बाई देशभर फेमस झाली. सैतान जाताना म्हणे तिच्या डाव्या हातावर जोसेफ, मेरी, येशू अशी नावं उमटवून गेला. १६३८ मध्ये तिची यात्रा निघाली, पॅरिसला गर्दी लोटली, रिशल्यू भेटला, राजाराणी भेटले, आणि संत जोसेफने स्वप्नात लावलेल्या मलमाचा डाग असलेलं तिचं शमीज राणीच्या बाळंतपणात वापरलं, म्हणजे चौदावा लुई जन्मला तेव्हा. १६४५ मध्ये मोंकोनी नावाच्या प्रवाशाने मात्र तिचा हात धरून नखाने हळूच खरवडलं आणि मेरीच्या एमचा एक पाय नखासोबत निघून आला. त्याचं समाधान झालं, तो गेला. मला त्या क्षणाचा तिचा चेहरा बघायचाय, पण तो कुणी लिहून ठेवला नाही.

इकडे आमची टीम लीड वेगळ्याच टेन्शनमध्ये. नावांचे टॅग तीनच, 'व्यक्ती', 'स्थळ' आणि 'इतर'. सैतान कशात बसवायचे? त्यांना नुसती नावं नव्हती, पत्तेही होते, लेव्हियाथान कपाळाच्या मध्यावर, इझाकारोन शेवटच्या बरगडीखाली, बेहेमोथ पोटात. नवीन मुलगा म्हणाला इतर. काकू म्हणाल्या, देवाला कशात टाकलंस ते सांग आधी. मग मी त्यांना आस्मोदेची चिठ्ठी दाखवली. पॅरिसच्या नॅशनल लायब्ररीत आजही आहे ती, सैतान लिहून देतो की उद्या शनिवारी २० मे ला संध्याकाळी पाच वाजता मी या बाईच्या अंगातून निघताना हृदयाखाली टाचणीएवढी चीर पाडीन, शमीजला आणि वरच्या कपड्यांनाही. खाली व्यवस्थित सही. लीड दोनदा वाचून म्हणाली, तारीख आहे, वेळ आहे, सही आहे, हा माझ्या व्हेंडरपेक्षा बरा आहे.

क्लायंटला मेल टाकला, उत्तर संध्याकाळी आलं. व्यक्ती. मग मी सातला बसून आस्मोदे, इझाकारोन, बेहेमोथ सगळ्यांना ग्रांदिए आणि रिशल्यूच्या रांगेत बसवलं. त्या दोन डॉक्टरांनाही, अर्थात.