वेढ्यातले खरेदीखत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने काय लिहावे? शाळेने जे शिकवले आणि पुढे जन्मभर उपयोगी पडते, तेच लिहावे. आपल्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाची एक शिस्त होती: सुटे वचन पाठ करायचे नाही, आधी अख्खा अध्याय वाचायचा. नोकरी टिकेल की नाही, तपासणीचा रिपोर्ट काय येईल, मुलाचा प्रवेश होईल का, अशा दिवसांत देवाच्या सार्वभौमत्वावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या शिस्तीने वाचल्यावरच उलगडते. त्यासाठी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय मला सर्वांत उपयोगी वाटतो.

काळ इ. स. पूर्व ५८७ च्या सुमाराचा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, आणि यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. शहर पडणार असे सांगितले, म्हणून कैद. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे, घराण्यातली जमीन सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ शहरापासून तासाभराच्या चालीवर. म्हणजे सैन्याच्या टाचेखालची जमीन.

हनामेल येणार हे देवाने आधीच कळवले होते. तरी ८ वे वचन बारकाईने वाचा. तो प्रत्यक्ष येऊन उभा राहिला, तेव्हा हे परमेश्वराचे वचन आहे असे यिर्मयाने जाणले. संदेष्ट्यालासुद्धा खात्री घडल्यावर पटली! मनात काही आले की ‘देव माझ्याशी बोलला’ असे मंडळीत लगेच जाहीर करणाऱ्यांनी या वचनापाशी जरा थांबावे.

पुढचा व्यवहार चोख आहे. १७ शेकेल रुपे, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम, तागडीत तोलून दिले. खरेदीखत लिहिले, सही केली, साक्षीदार घेतले. खताच्या प्रती दोन, एक मोहर केलेली आणि एक उघडी. उघडी कोणालाही वाचता यावी, आणि तिच्यात फेरफार झाल्याचा वाद निघाला तर मोहर फोडून दुसरीशी ताडून पाहता यावी. दोन्ही प्रती चौकातल्या सगळ्यांदेखत आपला लेखनिक बारूख याच्या हवाली केल्या आणि मातीच्या पात्रात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. ‘देव बघून घेईल’ म्हणत एकही पायरी गाळलेली नाही. देव राज्य करतो असे मानणाऱ्याने कागदपत्रे जपावीत, औषधाची वेळ पाळावी, अर्ज मुदतीत भरावा. विश्वासात हे सगळे येतेच.

आणि मग, व्यवहार पुरा झाल्यावर, तो प्रार्थना करतो. हा क्रम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १७ व्या वचनात ‘तुला अवघड असे काही नाही’ अशी सुरुवात आहे. त्यानंतर सृष्टी, मिसरातून सुटका, वचनदत्त देश, असे देवाने आजवर केलेले सगळे तो मोजतो. २४ आणि २५ मध्ये मात्र सरळ गोंधळ मांडतो: मोर्चे शहराला भिडले, आणि तू मला सांगतोस, पैसे देऊन शेत घे! देव त्याला गप्प बसवत नाही. या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील, असे उत्तर देतो. कधी, ते या अध्यायात नाही.

घोटाळा होतो तो या ‘कधी’पाशीच. २८ व्या अध्यायातल्या हनन्या या खोट्या संदेष्ट्याने लोकांना दोन वर्षांत सुटकेचा वायदा दिला होता. २९ व्या अध्यायात यिर्मया बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहितो: ७० वर्षे लागतील, घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा. त्याच पत्रातले ११ वे वचन, देवाच्या हिताच्या संकल्पांचे, आपल्या घराघरांतल्या कॅलेंडरवर असते. ७० वर्षांचे १० वे वचन मात्र त्यावर छापत नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी ११ वे एकटेच वाचले की ते हनन्याच्या वायद्यासारखे ऐकू येते. आराम पडला नाही की तो माणूस स्वतःच्याच विश्वासाला दोष देतो आणि उपासनेला येणे बंद करतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण वचन खरे असते, आपण ते अर्धे दिलेले असते.

दुखवट्याच्या घरात शिरताच ‘प्रभूची इच्छा’ म्हणणे, हीही तशीच घाई. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. त्या घरी १३ वे स्तोत्र सावकाश वाचावे. सहाच वचने आहेत: दोन तक्रारीची, त्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा, दोन मागणीची, दोन भरवशाची. ऐकणारा पहिल्या दोनांतच अडकला असेल, तर तिथेच त्याच्याजवळ बसावे.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याजवळच्या केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या पुण्यातल्या शाळेला, अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती. ती संपल्यावर खर्च भागावा म्हणून बाईंनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला, पुण्यात प्लेग आला, आणि मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना निवारा द्यायला तीच जमीन कामी आली. जमीन घेताना यातले काहीच बाईंना दिसत नव्हते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम बाईंनी थांबवले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

शास्त्राचा तास घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. यिर्मयाचा २९ वा आणि ३२ वा अध्याय एकाच आठवड्यात घ्या, आणि सोबत एज्रा २:२३ वाचा. यिर्मयाला त्या शेताचे पीक मिळाल्याचे कुठेही लिहिलेले नाही. लोक त्याला मिसरला घेऊन गेले. पण बंदिवासातून परतलेल्यांची जी यादी एज्राने दिली आहे, तिच्यात नोंद आहे: अनाथोथचे लोक, १२८.