तुम्ही विचारलंत म्हणून: गणितात अजून शोधायचं काय उरलंय?

ॲडमिशनच्या दिवसांत पालक विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकू विचारतात, वर्गातली पोरं तर दरवर्षी विचारतातच, की मॅडम फिजिक्स केमिस्ट्रीत नवीन शोध लागतात ते कळतं, पण गणितात पीएचडी करून माणूस शोधतो काय, सगळं तर पुस्तकात आहेच ना आधीपासून. प्रश्न चांगलाय. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही म्हणून इथे लिहितेय, आणि उत्तर म्हणून एका माणसाबद्दल सांगते, गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

पण आधी पत्ते काढा. राजा राणी गुलाम, तिघेही बदाम, इस्पिक आणि किलवरचे, असे नऊ पत्ते. तीन बाय तीनच्या चौकोनात असे मांडायचे की आडव्या उभ्या प्रत्येक ओळीत राजा राणी गुलाम एकेकदाच यावेत आणि तिन्ही रंगही एकेकदाच. पहिली ओळ बदाम राजा, इस्पिक राणी, किलवर गुलाम. दुसरी किलवर राणी, बदाम गुलाम, इस्पिक राजा. तिसरी इस्पिक गुलाम, किलवर राजा, बदाम राणी. जमलं.

चारचं जमतं, पाचचं जमतं, सहाचं मात्र अठराव्या शतकातला थोर गणिती ऑयलर, त्यालाही जमेना. त्याने कोडं मांडलं होतं ते सहा पलटणींच्या सहा हुद्द्यांच्या 36 अधिकाऱ्यांवर, आणि 1782 साली त्याने असा अंदाज छापला की सहाचंच काय, 10, 14, 18, 22 असं पुढचं कुठलंच जमणार नाही. सहाचं त्याचं बरोबर निघालं, 1900 च्या सुमारास गॅस्टन टॅरी या फ्रेंच माणसाने हाताने सगळ्या शक्यता तपासून ते दाखवलं. बाकीचं तसंच राहिलं, 177 वर्षं.

श्रीखंडेंचा जन्म 1917 चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. शिक्षण नागपूरला, मग अमेरिकेत चॅपेल हिलच्या विद्यापीठात राज चंद्र बोस यांच्याकडे 1950 साली पीएचडी. बोस आधी कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले, आणि तिथल्या संख्याशास्त्रज्ञांसाठी हे चौकोन म्हणजे नुसतं कोडं नव्हतं, कारण शेतात कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं आणि कुठलं खत टाकलं म्हणजे जमिनीच्या कसातला फरक निकाल बिघडवणार नाही हे ठरवायला असेच चौकोन लागतात. 1959 मध्ये बोस आणि श्रीखंडेंनी 22 चा चौकोन बांधून दाखवला, अमेरिकन गणिती ई. टी. पार्कर यांनी 10 चा, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की 2 आणि 6 सोडले तर सगळे जमतात. 26 एप्रिल 1959 च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती. गणिताची बातमी, पहिल्या पानावर!

मला मात्र त्यांचं त्याच वर्षीचं दुसरं काम जास्त आवडतं. बुद्धिबळाचा 4 बाय 4 चा पट घ्या, हत्ती एका चालीत ज्या घरातून ज्या घरात जाऊ शकतो ती दोन घरं शेजारी समजा. मग प्रत्येक घराला सहा शेजारी, आणि कुठलीही दोन घरं घ्या, एकमेकांची शेजारी असोत नसोत, त्यांचे सामाईक शेजारी बरोब्बर दोन. आता नुसते हे आकडे सांगितले तर पट ओळखता येईल का? श्रीखंडेंनी दाखवलं की बाकी कुठल्याही मापाच्या चौरस पटाला त्याच्या आकड्यांवरून ओळखता येतं, फक्त 4 बाय 4 ला नाही. तिथे 16 बिंदूंची अजून एक रचना निघते, आकडे सगळे तेच, पण हत्तीच्या पटात सहा शेजारी तीन-तीनच्या दोन टोळ्यांत पडतात आणि इथे तेच सहा जण हात धरून एक गोल करतात. बिंदू आणि शेजाऱ्यांना जोडणाऱ्या रेघा अशा रचनेला गणितात ग्राफ म्हणतात, आणि हिला जगभर श्रीखंडे ग्राफ. एमएस्सीला असताना एका इंग्रजी पुस्तकात हे नाव पहिल्यांदा वाचलं, आपल्या वाड्यातलं वाटावं असं नाव, आणि मी हॉस्टेलच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत पेन्सिलीने त्या 48 रेघा काढत बसले होते. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

एवढं करून श्रीखंडे भारतात परतले, आधी बनारस, मग 1963 पासून मुंबई विद्यापीठ, तिथे गणित विभागाचे पहिले प्रमुख, 1978 पर्यंत. म्हणजे ऑयलरला चूक ठरवलेला माणूस पंधरा वर्षं आपल्याकडच्या पोरांसाठी विभाग उभा करत होता, आणि हे मला त्या बातमीइतकंच मोठं वाटतं. एप्रिल 2020 मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, 102 व्या वर्षी विजयवाड्याला ते वारले.

आणि सहाचं काय झालं म्हणाल तर तेही संपलं नाही. 2022 साली आयआयटी मद्रास आणि पोलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की अधिकारी क्वांटम असतील, म्हणजे एकाच जागी थोडा हा थोडा तो असं चालत असेल, तर 36 जण बसतात. टॅरीने नाही म्हटलेले तेच 36.

चारचं मी सांगत नाही. एक्के घ्या, चौकट घ्या, सोळा पत्ते होतील, करून बघा.